गळालेल्या ‘नॉट’ची हकिकत

अमडापूर, सोमवार

ती. अन्नपूर्णाताईस,

इंद्रभानचा वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधीच करून घेतो, पुढे भान राहणार नाही. खामगावच्या वैद्याचं तेल लागू पडलं का? आम्ही सारे ठीक. फक्त माझं डोकं जागेवर नाही. (फोन केला असता, पण घरात सगळ्यांना ऐकू जातं.)

माझी सून सुचिता सध्या घरी बसून कॉम्प्युटरची एक भाषा दुरुस्त करते. जगभरचे लोक तीत सुधारणा सुचवतात. एखादी मान्य झाली की नोकरीच्या अर्जात लिहिता येते, आणि सुचिताची ही पहिलीच. त्या भाषेत मेमरी मागून घ्यायचे हुकूम असतात. मेमरी म्हणजे आठवण नव्हे, जागा, हे तिने मला तीनदा सांगितलं (मी तीनदा विसरलो). प्रत्येक हुकमाशेजारी वाचणाऱ्यासाठी एक टीप असते. एका टिपेत लिहिलं होतं की मागितलेली जागा कोरी मिळते. प्रत्यक्षात तिथे आधीच्याचा कचरा तसाच पडलेला असतो, आणि टिपेवर विसंबणारे फसतात. मी म्हटलं, “मंग जागाच झाडून देत जा म्हना त्याले!” तर म्हणते, “मामाजी, काम बराबर हाय, लिहेल चुकलं.” छत्तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं, पण काम बरोबर आणि लिहिणं चूक, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तिने दुरुस्ती इंग्रजीत लिहिली: जागा कोरी असेलच असे नाही. पण त्यातला ‘नॉट’ कुठेतरी गळाला (कसा, देव जाणे). दुसऱ्या दिवशी तिकडच्या तपासनीस बाईंचं उत्तर आलं: आधीही हेच लिहिलेलं होतं, मग दुरुस्ती कोणती? पोरीने ताटातली भाकर तशीच ठेवली. मीही ताट बाजूला सारलं. शेवटी तिने ‘नॉट’ परत घातला, काल मान्यता आली, वर बाईंनी आणखी अकरा टिपा तपासायला दिल्या. घरात आनंद आहे.

तुझा,
इंद्रभान

ता. क. ‘नॉट’ मी खोडला. सुचिता बाजारात गेली होती, वाक्य पडद्यावर उघडं होतं, आणि तो नकार मला उगाच वाटला. तिने आल्याबरोबर न वाचता पाठवून दिलं. दोन दिवस ये आणि तिला तूच सांग. तुझ्यासमोर ती चिडणार नाही.

ता. क. आत्याबाई, नमस्कार. मी सुचिता. मामाजींनी पाकीट चिकटवायले माझ्याजवळच दिलं. ‘नॉट’ कोनं खोडला ते मले बाईचं उत्तर आलं तवाच समजलं. बाजारातून आली तवा त्यायचा चष्मा कीबोर्डवरच होता. पन म्या बी न वाचता पाठवलं, म्हनून गप्प राह्यली. तुम्ही या मात्र, मामाजीले समजवायले. अकरा टिपायचं इंग्रजी एकटीले जमून नाही राह्यलं, आन मामाजी कॉम्प्युटरजवळ यायले भिऊन राह्यले.