एक्केचाळीस शब्द आणि एक जबडा

४ सप्टेंबर, सकाळ
आमच्या पोरीचं, मिसुझुचं लग्न ठरलं. तीन नोव्हेंबर. व्याही होंजो म्हणजे नारामधले निवृत्त मुख्याध्यापक. रिवाजाप्रमाणे आभाराचं भाषण वरपिता करतो, दोन्ही घरांच्या वतीने. मुलीचा बाप शेवटच्या टेबलावर गप्प बसतो. हे सामान्य बापांसाठी. मी साकाईत छत्तीस वर्षं सुऱ्यांना धार लावतोय, आणि चिनी अक्षरांचा माझा अभ्यास अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मलाच विचारतील. विषयही ठरवला : ‘कापणे’ हे एकच अक्षर आणि त्याचे शब्द.

६ सप्टेंबर
कार्डं करायला घेतली. ‘कापणे’च्या अक्षराला ‘मोठे’चं अक्षर जोडलं की शब्द होतो ‘मोलाचे’. ‘आईबाप’ जोडलं की ‘दयाळूपणा’. ‘हात’ जोडलं की पोस्टाचं तिकीट. ‘पोट’ जोडलं की सामुराईंचा मामला, हाराकिरी. लग्नात वगळावं का? बघू.
वगळणार नाही.

९ सप्टेंबर
मी धार लावलेली पाती शेजारच्या कुसुदाकडे जातात, तो मुठी बसवतो. त्याला कार्डं दाखवली. म्हणाला, अरे गेंजिरो, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लग्नात ‘कापणे’ उच्चारतं का कोणी? नातं तुटतं म्हणतात. लोक केकसुद्धा कापत नाहीत, त्यात सुरी ‘घालतात’. मी शांतपणे ऐकून घेतलं. मग धारेचा ओला दगड त्याच्या बंद खिडकीतून आत गेला. ओले दगड हातातून निसटतात.

१० सप्टेंबर
कुसुदाने चाळीस पाती मुठीविना परत पाठवली. कोत्या मनाचा माणूस.
संकल्प : आजपासून राग बंद.

२८ सप्टेंबर, दुपार
दोन्ही घरांचं एकत्र जेवण. होंजो म्हणाले, भाषणाचं मी बघतो, आपण निवांत बसा. ‘निवांत’ मला झोंबलं. पुढचं नीट आठवत नाही. त्यांचा टाय माझ्या हातात होता आणि तोंड कच्च्या माशाच्या ताटात. चष्मा फुटला. नाकातलं रक्त सोया सॉसमध्ये पडलं, त्यामुळे फारसं दिसलं नाही. जावयाने मला मागून धरलं. त्याला कोपर बसलं, तो निव्वळ अपघात.
घरी आल्यावर तोकिको म्हणाली, अहो, बायको म्हणवून घ्यायची लाज वाटते मला. मिसुझु ओरडली नाही. म्हणाली, बाबा, अजून एक मारामारी झाली तर तुम्ही लग्नाला यायचं नाही. दारात उभं करणार नाही.
‘कापणे’ला ‘उलटी बाजू’ जोडलं की ‘दगा’. कार्ड नंबर सतरा.

२९ सप्टेंबर
खरं सांगायचं तर भीती वाटली. एकुलती एक पोर.

११ ऑक्टोबर
तेरा दिवस कोणाच्या अंगाला बोट लावलं नाही. दुकानाचं सरकतं दार, रेडिओ आणि भाताचा कुकर यांत धरत नाही.

१४ ऑक्टोबर
होंजोंचं पत्र. स्वतःचं भाषण आवरतं घेऊन मला दोन मिनिटं देतायत. मिसुझुने विनंती केली म्हणे. नाकाला अजून पट्टी आहे असंही कळवलंय.
घाबरला. विद्वत्तेपुढे माणूस नमतोच.

२५ ऑक्टोबर
एक्केचाळीस शब्द पूर्ण झाले. एक कार्ड कचऱ्यात टाकलं. याच अक्षरापासून होतो तोही शब्द, आपलं माणूस लांब जाताना छातीत जे दुखतं त्यासाठी. रडका शब्द. माझ्या भाषणात त्याचं काम नाही.

३० ऑक्टोबर, सकाळ
कुसुदा दारात आला, गुडघे टेकून बसला. म्हणाला, मिसुझु माझ्या कारखान्यात लाकडाच्या भुशात लोळून मोठी झाली, गेंजिरो. तिच्यासाठी काढ ते शब्द. पाहुणे उठून जातील, पोरीचं तोंड उतरेल. मी त्याला समजावलं. समजावताना माझ्या हातात लाकडी मूठ होती, ती त्याच्या कपाळावर बसली. रक्त आलं. मी अजून समजावणार होतो. मुठी ठोकायचा हातोडा कुसुदाच्या कमरेला कायम असतो, हे ध्यानात राहिलं नाही.

३१ ऑक्टोबर, हॉस्पिटल
जबडा दोन जागी मोडलाय. दोन दात गेले. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेने बांधून टाकले, सहा आठवडे. सूप नळीने.
मिसुझुला लिहून दाखवलं, जिन्यावरून पडलो. कुसुदाही कपाळाला पट्टी बांधून आला आणि म्हणाला, मीही जिन्यावरून पडलो. दोघांच्याही घराला जिना नाही. तिने त्याची पट्टी बघितली, माझी तार बघितली. मग म्हणाली, या लग्नाला, बाबा.
भाषण सूत्रसंचालन करणाऱ्या बाई वाचतील. उलट बरंच झालं. आवाज गोड आहे त्यांचा.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
शेवटचं टेबल. शेजारी कुसुदा, त्याच्या कपाळाची आणि माझ्या जबड्याची पट्टी एकाच रंगाची. माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो.
लग्नात नको ते शब्द गाळणं ही त्या बाईंची नोकरीच आहे. ‘कापणे’ आलं ते प्रत्येक वाक्य त्यांनी हसतमुखाने गाळलं. उरलं ते असं : मी मिसुझुचा बाप. सर्वांचे आभार.
चार सेकंद.
टाळ्या थांबेनात. वाकड्या नाकाचे होंजो येऊन वाकले, म्हणाले, इतकं नेमकं बोलणं मला अख्ख्या नोकरीत जमलं नाही. मी ओरडायला गेलो, तार रुतली. मूठ वळली. तेवढ्यात समोर मिसुझु, हातात फुलं. तिने माझी मूठ उघडली, फुलं हातात ठेवली आणि म्हणाली, थँक यू बाबा, येते मी.
मग गाडीत बसून गेली.
घरी येऊन कचऱ्याचा डबा सगळा उपसला. ते टाकलेलं कार्ड हवंय.
तोकिको म्हणते, अहो, तो कचरा मंगळवारीच गेला.