पेढा चावला निलेशने, हिरड्या सापडल्या हेतवीच्या

गोंडलहून मोंघीचे, महुव्याच्या थोरल्या नणंदबाई जडावबेन यांना वाकून जय श्रीकृष्ण. तुमचे गुडघे, तुमची गाय आणि तुमची सूनबाई, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करते. (एक जरी असेल तरी द्वारकाधीशाची कृपा.) मला अक्षर येत नाही हे तुम्ही जाणताच, माझं लग्न ठरताना तुम्हीच ते शोधून काढलं होतं. म्हणून मी बोलते आणि आमच्या निलेशची लेक हेतवी लिहिते. पोरीचं अक्षर मोत्यासारखं, जीभ तुमच्यासारखी.

पत्राला कारण असं की माझ्यावर चोरीचा आळ आला होता. हेतवीला लहानपणापासून डायबिटीस. पोरगी स्वतः इंजेक्शन घेते, बोट टोचून साखर बघते आणि वर मलाच धीर देते. तर दिवाळीनंतर तिची साखर जी चढली ती उतरेचना. इंजेक्शन वाढवलं, खाणं मोजून दिलं, तरी तेच. मग पोरीला चोरून गोड कोण भरवतं म्हणून घरात चोर शोधायला लागले, आणि घरात म्हातारी असली की चोर लांब शोधावा लागत नाही. दक्षा (माझी सून) तोंडाने काही बोलली नाही, पण गुळाचा डबा वरच्या फळीवर गेला, जिथे माझा हात पोचत नाही. शेवटी निलेशने माझी पेटी उघडली आणि आत निघाला पेढ्यांचा पुडा. मी सांगून दमले की अरे, हे तुझ्या आत्याच्या, जडावफईच्या धाकट्याच्या लग्नातले, आठवण म्हणून ठेवलेत. (त्या धाकट्याची मुलगी आता शाळेत जाते.) पण टायरचं दुकान चालवत असला तरी निलेश मनातून वकील. पेढे ताजेच आहेत हे सिद्ध करायला त्याने एक कचकन चावला. पेढा शाबूत राहिला, दाढ तुटली.

मग काय, सगळी वरात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. दाढ कशाने तुटली, त्यांनी विचारलं. निलेश हळूच म्हणाला, पेढ्याने. त्यावर हेतवी जी तोंड उघडून हसत सुटली, की बाई निलेशला तसाच आ करून ठेवून तिच्याच तोंडात बघायला लागल्या. हिरड्या लालभडक, सुजलेल्या. त्यांनी विचारलं, घासताना रक्त येतं का?

"यायचं," हेतवी म्हणाली, "म्हणून तिथे घासायचं सोडलं. बोटातून रोज काढतेच की, तोंडातून आणखी कशाला?"

दक्षाने पदर डोळ्यांना लावला. बाईंनी समजावलं की रक्त येतं म्हणून सोडायचं नसतं, तिथेच मऊ ब्रशने हळू घासायचं. साखर वाढली की हिरड्या सुजतात आणि सुजलेल्या हिरड्या साखर उतरू देत नाहीत. (सासूसुनेसारखंच की. सुरुवात कुणी केली ते कळत नाही, घर दोघी मिळून पेटवतात.) त्यांनी हिरड्यांच्या कडा नीट साफ केल्या आणि सांगितलं, आता सकाळी घासायचं आणि रात्रीही. पोरगी माझ्याकडे वळली. (तिची बा म्हणजे मीच, दुसरं कोण.)

"बा हिरड्यांना तंबाखू चोळायचं सोडणार असेल, तर मी रात्रीही घासेन."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. जडावबेन, मी नवी नवरी असताना गोठ्यामागे या तंबाखूच्या बजरेची पहिली चिमूट माझ्या हिरड्यांवर तुम्हीच चोळलीत, आणि ती सवय मोडायला तुमच्या भावाची नात यावी लागली. मी कनवटीची डबी काढून दिली. ती हल्ली हेतवीच्या कंपासपेटीत असते आणि तिच्या भूमितीला तंबाखूचा वास येतो.

आता पोरीच्या हिरड्या गुलाबी झाल्यात, साखरही बरीच खाली आली आहे. दक्षाने माफी मागितली नाही, पण गुळाचा डबा खालच्या फळीवर आला. आमच्याकडे माफी अशीच मागतात. मी आनंदात आहे. बजरेची मला आठवणसुद्धा येत नाही. लेकराबाळांना माझे आशीर्वाद.

तुमची भावजय, मोंघी

ता. क. एवढं शेजारच्या लाभुबेनकडून लिहून घेतेय. वरचं आठवण न येण्याचं मनावर घेऊ नका. कुणी इकडे येत असेल तर मेथीच्या खाकऱ्यांखाली एक डबी लपवून धाडा. याचसाठी एवढं पत्र.

ता. क. आणखी एक. पुन्हा हेतवीचं अक्षर आलंय, ओळखलंच असेल. लाभुबेनकडे डिंक नव्हता, म्हणून पाकीट चिकटवायला त्या शहाणीने ते हेतवीच्याच हातात दिलं. पोरीने वाचलं. ओरडली नाही. "राहू दे तसंच, बा," म्हणाली, "पण तुझी डबी आली की माझा ब्रश सुट्टीवर." तेव्हा डबी धाडू नका. तुम्हीच या. येताना भरपूर चोळून या आणि माझ्या अगदी शेजारी बसा. वास घ्यायला डॉक्टरीणबाईंची ना नाही, मी विचारून ठेवलंय.