स्टार्टर परत करायला जातोय

ताई,

काल तू कामावर असताना पिकअप एकदाची सुरू झाली. बाबांनीच केली. फाटक आडवं का पडलंय, ते आता कळलं असेल. ते ठीक आहेत, फाटक नाही.

भंगारातून एकेक भाग आणून मी गाडी जोडली, पण ब्रेक शेवटी बसवायचे हे माझंच डोकं. समोरचं फाटक ज्यांना दिसत नाही, त्यांना किल्लीचं भोक मात्र बरोबर सापडलं.

स्टार्टर काढलाय, भंगारवाल्याला परत देतो. बाबांना सांग, जळाला. सीटवर बसू देत, गिअर टाकू देत.

ते उठायच्या आत निघतोय. फाटक पाडून उतरले तेव्हा इतके खुशीत होते, की पुन्हा किल्ली मागितली तर मी देऊन टाकीन.