तळ्यात पडलेली किल्ली

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. (पत्रातच वाकतो, प्रत्यक्षात कंबर धरली आहे, कारण पुढे येईल.) तुझा खोकला आता बरा असेल आणि भाऊजींनी नवा चष्माही एव्हाना हरवला असेल, असं धरून चालतो. आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे ही खुशाल आहे. मी कुलूपवाला असून स्वतःच्याच कुलपापायी अडकलो आहे. हे सांगायचं तर तुलाच, कारण लहानपणी मी स्वतःला कपाटात कोंडून घेतलं होतं तेव्हाही तू बोभाटा केला नव्हतास.

बावीस वर्षांत दुकान एक दिवस बंद ठेवलं नाही, हे मी अभिमानाने सांगतो आणि हीसुद्धा सगळ्यांना तेच सांगते, फक्त आवाज वेगळा असतो. गेल्या महिन्यात तिने जाहीर केलं की रानातलं ते तळं दाखवा, नाहीतर दुकानाशीच संसार करा. मी म्हटलं, बरं, एक दिवस. रविवारी सकाळी जायचं, संध्याकाळी परत, सोमवारी नऊला दुकान उघडं. ती चटकन हो म्हणाली. मग एका दिवसाच्या सहलीला तिने आठवड्याचे कपडे आणि साबणाच्या दोन वड्या घेतल्या, आणि माझी हत्यारांची पेटी मात्र जड होते म्हणून घरी ठेवायला लावली. हिची सामान भरायची पद्धत मला आजवर कळलेली नाही.

तळं सुरेख आहे, खोटं कशाला बोलू. चहूकडे टेकड्या, पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजावेत. माणूस म्हणशील तर एकच, वनरक्षक. तो रोज दीड तास चालत येतो आणि दीड तास चालत जातो. पाहुण्यांसाठी एक लाकडी खोली आहे, तिच्या दाराला कडीसुद्धा नाही! मी विचारलं, अहो, चोर आले तर? तो म्हणाला, कुठून येणार? असा बेसावधपणा मला सहन होत नाही. मी तडक स्कूटर साखळीने झाडाला बांधली आणि वर माझ्या स्वतःच्या हातचं सात लिव्हरचं कुलूप ठोकलं. (तेच गं, ज्याच्यासाठी दुकानावर पाटी आहे: ‘किल्लीशिवाय उघडून दाखवा, दुकान तुमचं.’) किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि दोनदा चाचपून पाहिलं.

मग ही म्हणाली, निदान पाय तरी बुडवा. सदरा तिच्या हातात दिला, पाय बुडवले, गोट्यावरून घसरलो आणि बाकीचाही बुडालो. बाहेर आलो, अंग पुसलं, सदरा घातला, मासे बघायला काठावरून चांगला ओणवा झालो. संध्याकाळी निघताना पाहतो तर खिशाचं बटण लावलेलं आणि खिसा रिकामा! हे कसं झालं ते मला अजून उमगलेलं नाही. ही म्हणाली, ओणवे झालात तेव्हाच पडली असणार. दुसरं काय असणार?

सोमवारी चार तास शोधलं. मी पाण्यात, ही काठावरच्या दगडावर पाय हलवत बसलेली: जरा डावीकडे, आता थोडं खोल, तिथे नाही हो, पलीकडे! मला एक चमचा, एक बूट आणि कंबरदुखी एवढं सापडलं. मंगळवारी वनरक्षकाने कुलपावर दगड घातला. तीन घाव, आणि दगडाचे दोन तुकडे! ताई, काय आनंद झाला म्हणून सांगू, आणि पाठोपाठ रडूच आलं. साखळीही मीच निवडलेली, तिला करवत लागत नाही. झाड कापावं तर ते सरकारी. चालत जावं तर हिचा गुडघा दुखतो. (याच गुडघ्याने आज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारल्या, पण त्या म्हणे सपाटीवर होत्या.)

आज बुधवार. दुकान चार दिवस बंद आहे आणि गिऱ्हाइकं माझ्या नावाने खडे फोडत असतील. इथे सकाळी पोहायचं (हो, मला आता हातपाय मारता येतात), दुपारी झोपायचं, मग चपटे दगड पाण्यावर उडवायचे. हिचा दगड सहा उड्या घेतो, माझा डुबुक. काल माझा दगड उलटा माझ्याच पायावर पडला तेव्हा ही इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ते हसणं मी लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं. मग कानसीच्या खरखरीत कधी ऐकू यायचं बंद झालं, मला कळलंच नाही. फार वाईट वाटलं गं. तुझ्यापासून काय लपवायचं?

भाऊजींना नमस्कार. चष्मा उशीखाली बघ म्हणावं.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. आता मुद्द्याचं. या कुलपाची दुसरी किल्ली मी तुझ्या लाकडी पेटीत ठेवायला दिली होती. ती वनरक्षकाच्या पत्त्यावर ताबडतोब पाठव. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे.

आणखी ता. क. ‘ताबडतोब’ खोडलं असं समज. साध्या टपालाने आली तरी चालेल.

वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून या दोन ओळी. किल्ली तळ्यात नाही, माझ्या सुईदोऱ्याच्या डबीत आहे. रविवारी सदरा हातात आला तेव्हाच काढली आणि बटण परत लावून ठेवलं. सोमवारी चार तास शोधत होते खरे, पण अर्ध्या तासानंतर किल्ली विसरून नुसतेच डुंबत होते. तुमच्याकडची पाठवू नका. शनिवारी ही किल्ली त्यांच्याच पिशवीच्या तळाशी सापडेल, घरी आल्यावर तुम्हीही नवल करा. किल्लीशिवाय कुलूप उघडेल त्याला हे दुकान द्यायला निघालेत. मला ते नको होतं हो, आठवडाभर बंद हवं होतं.