पहिल्या कापसाची ओंजळ

मु. कान्हेरवाडी, ता. बार्शीटाकळी
दि. २० नोव्हेंबर २०२३

प्रणालीच्या आईस आशीर्वाद.

मी इकडे खुशाल आहे, तू तिकडे खुशाल असशील. तसं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. गुडघे धरले आहेत. सिलेंडर संपत आला की काय ते कळत नाही. हलवून पाहतो तर एकदा हलका लागतो, एकदा जड. बीपीची गोळी सकाळची पांढरी की गुलाबी, हे तू कधी सांगितलं नाहीस, नुसती हातावर ठेवत होतीस. मी दोन्ही सकाळीच घेऊन टाकतो. जे व्हायचं ते होईल.

तू माझा फोन उचलत नाहीस. प्रणाली म्हणाली, "आई म्हणते, फोनवर बाबा ओरडतात. जे काय असेल ते लिहून पाठवा." म्हणून लिहायला बसलो. तू सातवी शिकलेली, मी चौथी, तेव्हा चुका काढत बसू नको. आणि हे जावईबापूंना वाचायला देऊ नको. हात जोडून सांगतो.

गावात मी सांगतो की दिवाळीला लेकीकडे गेली. लोक म्हणतात, दिवाळी तर होऊन गेली. मी म्हणतो, अमरावतीची हवा मानवली तिला. लोक हसतात.

त्या बिहारच्या नवराबायकोचं तू सगळं माझ्यावर टाकतेस. ओमप्रकाश आणि सुनैनाला गावातून मी काढलं नाही. कोसी नदीनं त्यांचं गाव कापून नेलं, घर गेलं, जमीन गेली, म्हणून फिरत फिरत इकडे आले, हे मला ठाऊक नव्हतं का? वावरातली मोटारीची खोली त्यांना मीच दिली. तू म्हणालीस म्हणून दिली, पण दिली ना? मग मारुतीच्या पारावर सभा झाली आणि गावानं हात वर केले. तू बायांमध्ये बसलेली होतीस, तुला दिसलं. एक म्हणाला, "आज दोघं आले, उद्या चाळीस येतीन." दुसरा म्हणाला, "हे कमी पैशात वेचतात, आपल्या बायायनं काय करावं?" इंदूबाई तेवढी उठून बोलली, "तुमच्या बाया वावरात जातात कवा? आमी जात नाई आन् दुसऱ्यानं वेचलं का पोट दुखते!" पण इंदूबाईचं कोण ऐकतं.

मी फक्त एवढंच म्हटलं की माझ्या मोटारीची केबल दिसत नाही. चोर हा शब्द माझ्या तोंडातून निघाला असेल तर जीभ झडो. तो दुसऱ्यांनी काढला.

एक विचारतो. तू आणि सुनैना, तुम्ही दोघी वावराच्या धुऱ्यावर बसून काय हसत होता? तुझी हिंदी म्हणजे "बोंड मत तोडो, नुसता कापूस ओढो". तिची हिंदी तर मलाही अर्धी कळत नाही. तरी दोघी पोट धरून हसायच्या आणि मी जवळ आलो की गप्प. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर तू तशी हसली नाहीस. एकदा पोळ्याला मी बैलाच्या पायाशी पडलो तेव्हा हसलीस, पण ते वेगळं. भाकर तिच्यासाठी आधी बांधायचीस. ताक आधी तिला. तिनं केलेलं वांग्याचं भरीत तू मला "खाऊन तर पाहा" म्हणून वाढलंस. भरीत आम्हाला बिहारनं शिकवायचं का?

सीतादहीच्या दिवसाचं मी काही लिहीत नाही. झालं ते झालं. लग्न झाल्यापासून दरवर्षी पहिल्या वेचणीला तू शेतात पूजा मांडतेस, दहीभात शिंपडतेस, आणि पहिल्या कापसाची ओंजळ माझ्या उपरण्यात टाकतेस. मग त्याच्या वाती देवापुढे. यंदा मी उपरणं पसरून उभा होतो. बस, एवढंच लिहितो.

रात्री थंडी पडते. तुझी शाल इकडेच राहिली.

शेषराव नत्थुजी गावंडे


कान्हेरवाडी
दि. २ डिसेंबर २०२३

प्रणालीच्या आईस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं नाही. पोस्टमन दोनदा घरासमोरून गेला आणि मला पाहून मान हलवली. पावसानं कापसाची पऱ्हाटी झोपवली, तुला फोटोत दिसलंच असेल, प्रणालीला पाठवले होते. वेचायला माणूस नाही. ज्यांनी हात वर केले, त्यांच्याही वावरात बोंडं फुटून लोंबत आहेत. आता एकमेकांना विचारत फिरतात, कुणी मजूर आणून देता का.

गुरुवारी मी अकोल्याला गेलो. डॉक्टरकडे गेलो असं आधी लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. अय्युबच्या टेम्पोत गेलो. त्या नवराबायकोचं सामान त्याच टेम्पोत गेलं होतं, तेव्हा ते कुठं आहेत हे त्यालाच ठाऊक. रस्त्यात तो बोलेना. मी म्हटलं, "काहून रे, तोंड शिवलं का?" तर म्हणतो, "काका, ते दोघं मांगं बसून रडून राहिले होते. मी गाडीत गाणी लावली, त्यायले वाटावं मले आयकू येत नाही. तुमाले आज गाणी लावू का?" मी नको म्हटलं.

जठारपेठेत एक बिल्डिंग उभी राहते आहे. तिथं ओमप्रकाश राखण करतो आणि सुनैना विटा वाहते. खालच्या बिनदाराच्या खोलीत राहतात. मी वाळूच्या ढिगापाशी पोचलो तर ती फोनवर बोलत होती, स्पीकर लावून, हात कणकेत होते. आणि फोनमधून तू हसलीस.

माझा पाय तिथंच अडकला. माझा फोन तुला लागत नाही. तिचा लागतो. मी ढिगाआड उभा राहिलो. चोर कोण म्हणायचा, सांग. तू तिला म्हणालीस, "उनके गुडघे दुखते है थंडी में. तेल कौन लगाता होगा? गरम करके लगाना पडता. वो खुद नहीं करेंगे, हेकट है." माझ्या गुडघ्यांची चौकशी तू तिच्यापाशी करतेस. माझ्यापाशी नाही. इतकं बरं वाटलं आणि इतका जळफळाट झाला, की दोन्ही एकदम कसं होतं ते मला लिहिता येत नाही.

तिनं मला पाहिलं. डोक्यावर पदर घेतला आणि तुला म्हणाली, "माई, बाद में करते हैं." मी आलो आहे हे तुला सांगितलं नाही. नंतरही सांगितलं नसेल तर आता माझ्याकडून कळलं. मला उलटी ठेवलेली बादली बसायला दिली. चहा दिला. पाहुण्याला देतात तसा, आधी मला.

मी ठरवून गेलो होतो की परत चला म्हणायचं. पण तोंडातून निघालं भलतंच. मी म्हटलं, "सीतादही के दिन तूने पदर काहून फैलाया?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा कणकेचा हात गालाला लावून बसली. म्हणाली, "बाबा, हमरे यहाँ बेटी नैहर से जाती है तो माई अँचरा में धान-हल्दी देती है. हमरा नैहर तो कोसी ले गई. माई दोनों हाथ भर के हमरी तरफ आईं, तो हम अँचरा पसार दिए. हमको का मालूम, आप पीछे खड़े हैं!"

म्हणजे लेक माहेरहून निघताना भरतात ती आपल्याकडची ओटी. तू माझ्याकडेच येत होतीस. मधे ती उभी होती. आणि पसरलेल्या पदरासमोरून भरली ओंजळ तू परत नेली असतीस, तर तू तू नसतीस. इतके दिवस मी समजत होतो की तू तिला निवडलंस. तूही कधी उलगडून सांगितलं नाहीस. मी कधी विचारलं नाही, ते सोड.

मग ओमप्रकाश आला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं साधं विचारलं, "बाबा, केबल मिला?"

मी म्हटलं, "नहीं."

प्रणालीच्या आई, केबल आपल्या खाटेखाली आहे. पावसाळ्याआधी मीच गुंडाळून ठेवली होती. तू खाटेखालून रोज झाडतेस. तुला ठाऊक होतं. सभेहून घरी आलीस, वाकून खाटेखाली पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि पिशवी भरलीस. एक शब्द बोलली नाहीस. त्यापेक्षा ओरडली असतीस तर चाललं असतं.

परत चला म्हणालो शेवटी. ओमप्रकाश म्हणाला, "जहाँ चोर कहलाए, वहाँ किस मुँह से आएँ?" चहा अर्धा राहिला होता, तो पिऊन उठलो.

पांढरी गोळी सकाळची, हे तिनं सांगितलं. तू तिला सांगून ठेवलं होतंस म्हणे.

शेषराव


कान्हेरवाडी
दि. ११ डिसेंबर २०२३

गोदा, आशीर्वाद.

तुझं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं.

काल पारावर सभा झाली. ती पाण्याच्या टाकीसाठी होती. टाकीचं झालं आणि लोक उठायला लागले, तेव्हा मी उभा राहिलो. केबल घरून खांद्यावर टाकून नेली होती. अय्युबला आधीच सांगितलं होतं, त्यानं ओमप्रकाशला फोन लावून मोबाईल हातात उंच धरला.

मी म्हटलं, "हे केबल माह्या खाटेखाली होती. म्याच ठेवली होती. मले ठाऊक होतं."

सरपंच म्हणाले, "मंग त्या दिवशी काहून बोलले तुमी?"

मला वाटलं होतं, वय झालं, विसरलो, असं सांगावं. ते सोपं होतं, सगळ्यांनी मानलं असतं. पण तोपर्यंत तोंडातून निघून गेलं होतं. "माही बायको तिच्यासंगं हासते. माह्यासंगं हासत नाही. म्हणून बोललो."

मग इंदूबाई हसायला लागली. ती हसली आणि सगळा पार हसला. "अवो बाप्पा, सत्तर वर्साचा बुढा जळून राहिला!" "शेषरावकाकाले सवत आली, तेही बिहारची!" म्हणून कुणी तरी ओरडलं. मी केबल खांद्यावर घेऊन उभा होतो. खाली ठेवायलाही सुचलं नाही. आता पोरं मला रस्त्यात विचारतात, काका, काकू हासली का? तू आलीस की तुलाही विचारतील, तयारी ठेव.

पण सगळं गोड झालं असं समजू नको. हसून झाल्यावर एक जण म्हणाला, "केबलचं समजलं. पण बाहेरचे ते बाहेरचेच." माना हलल्याच. त्याचा पोरगा पुण्यात आहे. तिथं त्याला खोली मिळत नव्हती, विदर्भातला म्हणून टाळत होते, तेव्हा हाच माणूस माझ्यापाशी बसून रडला होता. मी ते काढलं नाही. माझं तोंड काल तेवढं मोठं नव्हतं. शेवटी सरपंच म्हणाले, "वावर तुमचं, जबाबदारी तुमची. गावाचं काही म्हणणं नाही." म्हणजे या असंही नाही आणि येऊ नका असंही नाही.

फोनवर ओमप्रकाश होता. मी विचारलं, "सुना क्या?" म्हणाला, "सुने, बाबा." मग म्हणाला, "स्लैब पड़ जाए, फिर सोचेंगे." मागून सुनैनाचा आवाज आला, "बाबा तेल लगाते हैं कि नहीं?" पारावर पुन्हा हशा.

ते येतील की नाही, मला सांगता येत नाही. आले नाहीत तर त्यांची चूक नाही. मोटारीची खोली मी झाडून ठेवली आहे. दाराची कडी मोडकी होती, ती नवी बसवली. आतून लागते.

हे पत्र इंदूबाईच्या हाती पाठवतो. ती अंबादेवीच्या दर्शनाला अमरावतीला येते आहे. सोबत तुझी शाल आहे आणि कापसाची दोन गाठोडी आहेत. पहिला कापूस नाही, तो तर गेला. हा धुऱ्याकडच्या झाडांचा, पावसातून वाचलेला. मीच वेचला. बोंडाची टोकं हाताला लागली, तू इतकी वर्षं कसं वेचत होतीस ते कळलं.

एक गाठोडं तुझं. एक तिचं. तिच्या पदरात ते तूच टाक, माझ्या हातून घ्यायला तिला अवघड जाईल. अकोल्यात उतरलीस तर जठारपेठ वाटेतच आहे, अय्युब स्टँडवर घ्यायला येईल. तुझ्या गाठोड्यातलं मूठभर माझ्यासाठी राखलंस तर राख. आग्रह नाही.

तिचं गाठोडं तुझ्याहून थोडं लहान बांधलं आहे. आधी सारखी बांधली होती, मग तिच्यातलं थोडं काढून तुझ्यात घातलं. इंदूबाई पाहत होती, ती सांगेलच, म्हणून आधीच लिहून टाकतो. माझ्यानं राहवलं नाही.

मी अजून जळतो, गोदा. हसतेस तेव्हा मी कुठं तरी जवळ असावं, एवढंच वाटतं. वाळूच्या ढिगाआड असलो तरी चालेल.

फोन कर. तिला आधी केलास तरी चालेल. मी ओरडणार नाही.

तुझा
शेषराव