फादरांची खुर्ची आणि कच्ची माळ

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे बरे असतील आणि जीभ नेहमीसारखीच तंदुरुस्त असेल, असं धरून लिहितो. मोठ्या फर्निचरच्या दुकानात मला विक्रेत्याची जागा मिळते आहे. टाय बांधायचा, तयार खुर्च्यांवरून हात फिरवायचा आणि गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं. टाय घेऊनही झाला. महिनाअखेर कळवायचं आहे. पण सुतारकामाचा हा कारखाना बाबांचा, तेव्हा तुझ्या होकाराशिवाय कुलूप लावणार नाही.

आळस म्हणू नकोस, ते तुझी भावजय रोज म्हणतेच. रंधा हातात घेतला की मन विचारतं, कशासाठी? खुर्ची दुरुस्त करायची, लोकांनी बसून मोडायची, ती फिरून माझ्याकडेच यायची. रोज सकाळी गुडघे टेकून देवाकडे कामाची ओढ मागतो. गुडघे दुखतात, ओढ काही येत नाही.

बाकी क्षेम. चर्चमधली फादरांची खुर्ची दुरुस्तीला आली होती, ती काल पोचती केली.

लोभ आहेच, सोबत होकारही असू द्यावा.

तुझा धाकटा

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

होकार नाही आणि नकारही नाही. आधी ऐकून घे.

इस्पितळाच्या लाँड्रीत सकाळी चादरींचा ढीग पाहिला की मलाही चक्कर यावीशी वाटते. पण आली, तर त्याच चादरींवर निजवतील, म्हणून उभी राहते. ओढबिढ मला आजवर आलेली नाही. इस्त्री ठेवते आणि या चादरीवर जो कोणी निजेल त्याच्यासाठी ‘नमो मरिया’ म्हणत सुरकुत्या काढते. मग तो नुसता कपडा राहत नाही, कुणाचं तरी अंथरूण होतं. तू मात्र काम बाजूला ठेवून कामाची ओढ मागतोस. देवाने ती काय घरपोच आणून द्यायची?

बाबांचं आठव. सांध्याला सरस लावून शिकंजा आवळला की ते घड्याळाकडे बघत नसत, जपमाळ काढत. ज्याची खुर्ची त्याच्यासाठी प्रार्थना. माळ संपली की सरस वाळला, शिकंजा सोडायचा. ही रीत तरी पाळतोस ना?

माझा लोभ टोमण्यांसकट ठेवून घ्यावा.

ताई

ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रीत अगदी काटेकोर पाळतो, माळेशिवाय शिकंजा सोडत नाही. तरी अनर्थ झाला! रविवारी उपदेश संपवून फादर खुर्चीत टेकले आणि मागचा पाय निखळला. फादर जमिनीवर. पेटीवाल्याने प्रसंग ओळखून जोरात सूर धरला, त्यामुळे हसणाऱ्यांची सोय झाली. गाण्यात तुझी भावजय सगळ्यांच्या पुढे. फादरांना लागलं नाही. उपदेश नम्रतेवर होता, देवाने तो लगेच तपासून घेतला, असं म्हणाले.

सरस नासका असणार. दुकानदाराला खडसावलं, तर तो म्हणे, याच डब्यातला सरस गावभर विकला, दुसऱ्या कुणाचा फादर पडला नाही.

ही देवाचीच खूण समज आणि मला सोड.

लोभ शाबूत असावा, खुर्चीचं काय घेऊन बसतेस.

धाकटा

ता. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सरसाला बोल लावू नकोस. सरस बाबा वापरायचे तोच, माळ तुझी कच्ची राहिली! लहानपणी घरात प्रार्थना चालायची तेव्हा तू आमच्या आधी ‘आमेन’ला पोचून जेवायला बसलेला असायचास. खरं सांग, ही माळ किती पळवलीस? त्यात फादर एकदा तरी आठवले का?

तीच खुर्ची पुन्हा कर. माळ बाबांच्या चालीने म्हण. त्यानंतरही टाय बांधावासा वाटला तर खुशाल बांध, माझा होकार धर. टायला इस्त्रीसुद्धा मीच करून देईन.

लोभ करतेच, कान धरण्यापुरती जवळ नाही एवढंच.

ताई

ता. २८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी भावजय म्हणते, ताई नक्की दाराआड उभ्या होत्या. माळ मी पळवलीच होती. कबूल.

खुर्ची परत आणली. जुना सरस खरवडला, नवा लावला, शिकंजा आवळला आणि फादरांसाठी सावकाश माळ सुरू केली. मणी सरकताना डोळ्यांपुढे आलं की फादर उठताना डाव्या हाताने जोर देतात. माळ संपल्यावर खुर्चीचा डावा हात हलवून पाहिला, तर तोही डुगडुगत होता. तो दुरुस्त कर असं कुणी सांगितलं नव्हतं. सोडवला, बसवला आणि त्याच्यासाठी पुन्हा माळ धरली. तुझी भावजय जेवायला हाक मारून दमली तेव्हा लक्षात आलं, आज मनाने एकदाही ‘कशासाठी’ विचारलं नव्हतं.

रविवारी फादरांनी आधी गर्दीत मला शोधलं, मग क्रुसाची खूण केली आणि बसले. उठतानाही डाव्या हातावर भार टाकून उठले. खुर्ची हूं की चूं नाही! पेटीवाला सूर धरून तयार होता, बिचाऱ्याचा विरस झाला.

मोठ्या दुकानाला ‘येत नाही’ असं कळवलं. ओढ अजून आलेली नाही, पण आता तिच्यासाठी मी खोळंबून राहत नाही. टायला इस्त्री करायची तसदी घेऊ नकोस. लाकडाला चरा पडू नये म्हणून तो शिकंज्यात घडी करून घालतो. रेशमी आहे, काम चोख करतो.

लोभ घट्ट धरलेला असू द्यावा.

तुझा धाकटा