भाड्यापोटी जेवण

५ फेब्रुवारी १९६२, सोमवार

घ्या! आमच्यावरही कागद आला. बुलढाण्याच्या कर-कचेरीतून. दुकानाची विक्री किती, घरभाडं किती, सगळ्याचा हिशेब मार्चात घेऊन या म्हणतात. नवं राज्य झालं, आता उकंडरावाची आठवण झाली!

कंदिलाच्या काचा विकणारा माणूस मी. स्टोव्ह दुरुस्त करणारा. हिशेब होता तो बायकोच्या, चांगुणेच्या डोक्यात. कोणी काय नेलं, कोणी काय दिलं, सगळं तिला पाठ. ती गेली त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून गल्ल्यात पडलं ते आपलं, नाही पडलं ते लोकांचं.

शेजारचा गुलाबराव कापडवाला कागद पाहून म्हणे, "उकंड्या, आता जातं बे तू आत!" म्हटलं, "तुले नाही आला का?" तर तोंड पाडून म्हणे, "आला." बरं वाटलं. खोटं काऊन लिहू?

संध्याकाळी माडीवरच्या बिऱ्हाडातून पायरीवर ताट आलं. मेथीची भाजी, भाकर, वर मिरचीचा ठेचा. ते खाल्लं आणि जरा धीर आला.

७ फेब्रुवारी

भगवंतराव मुनीमजीकडे गेलो. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या वह्या तेच लिहितात. म्हणाले, "वही पाडव्याशिवाय उघडत नसते." म्हटलं, मुनीमजी, कचेरी पाडव्यापर्यंत थांबत नसते! मग त्यांनी त्यांची जुनी लाल वही काढली, नमुना म्हणून. सगळी मोडी लिपीत. एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलं? त्यांनी वही उजेडात धरली, लांब धरली, चष्मा पुसला. म्हणे, "हे माह्यंच अक्षर आहे, एवढं नक्की."

नमस्कार करून परत आलो.

१२ फेब्रुवारी

आज बाजारात तमाशाच झाला. खामगावचा माणिकराव एजंट हिशेबाचं यंत्र घेऊन आला होता. लोखंडी धूड. आकडे दाबायचे, दांडा फिरवायचा, की घंटी वाजते आणि बेरीज तयार. माझ्याच ओट्यावर मांडलं. अर्धं लोणार जमलं. गुलाबरावानं नुसती घंटी ऐकायला दहा वेळा दांडा फिरवला.

मी विचारलं, "याले उधारी समजते का?"

"ते तुमी सांगायचं."

"गिऱ्हाईक काच वापस घेऊन आलं तं?"

"तेही तुमीच सांगायचं."

"मंग याले येते काय?"

"बेरीज."

म्हटलं, बेरीज तर मलाही येते भाऊ. काय-काय बेरजेत घ्यायचं, तिथंच घोडं अडलं आहे. लोक हसले. माणिकरावही हसला, चिडला नाही. मग पिशवीतून त्यानं दुसरी चीज काढली. छापील वही. डाव्या पानावर दुकान, उजव्या पानावर घरभाडं. सोबत पावत्यांचं पुस्तक. एकट्या दुकानदारासाठीच काढली आहे म्हणे. "चौथी शिकलेल्याले जमते," म्हणाला. मी चौथी शिकलेलो. घेतली.

१५ फेब्रुवारी

वही झकास आहे! रोज दुकान बंद केलं की लिहितो. वात, काच, स्टोव्हच्या पिना, वायसर, ज्याची त्याची ओळ. संध्याकाळी करायला काहीतरी काम झालं. नाहीतर दुकान मिटलं की घर नुसतं खायला उठतं. बोलायचं तर कोणाशी? पालीशी?

वरून भाडेकरू मास्तरांचा आवाज येत होता, बायकोला पेपर वाचून दाखवत होते. ऐकत बसलो.

१९ फेब्रुवारी

उजव्या पानाशी अडलो.

माडीवरच्या दोन खोल्या निवृत्ती मास्तरांकडे. शाळेत शिकवतात. नागपूरला जाऊन बौद्ध झालेले. लोणारात त्यांना कोणी खोली देईना. माझी माडी रिकामी होती, दिली. गुलाबराव आठ दिवस बोलला नाही, मग त्यालाच करमेना.

चांगुणा गेली त्याच्या तेराव्यानंतर मास्तरांची बायको शालूबाई खाली आली. म्हणाली, "काकाजी, चार माणसाचं रांधते, त्यात एक ताट काही जड नाही." मास्तरांच्या घरात माणसं दोनच, चार कुठली! पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर झाकलेलं ताट. सकाळी मी घासून तिथंच ठेवतो. ताट रिकामं परत करू नये, चांगुणा म्हणायची, म्हणून त्यात काहीबाही ठेवतो. गुळाचा खडा, पेरू, कधी नुसती कंदिलाची वात.

आणि त्या महिन्यापासून मी भाडं अर्धंच घेऊ लागलो. मास्तरांनी पूर्ण हातात दिलं की अर्धं त्यांच्याच खिशात कोंबायचं. यावर कोणी कधी काही बोललं नाही.

आता वहीत काय लिहू? अर्धं लिहिलं तर कचेरीवाले म्हणतील, अर्धं दडवलं.

२४ फेब्रुवारी

माणिकराव वसुलीला आला होता, त्याला विचारलं. म्हणाला, "सोपं आहे. वस्तूत मिळालं तं वस्तूची किंमत लिहा. अन् पावती फाडा. पावती नसली तं खोटं."

खरंच सोपं. मला उगाच घाम फुटला होता.

१ मार्च, गुरुवार

लिहिलं. 'निवृत्ती मास्तर. भाडं, अर्धं रोख. बाकी अर्धं: भाड्यापोटी जेवण.' दोन्ही मिळून भाडं बरोब्बर जुळलं. पहिल्यांदा दोन्ही पानं भरली. पावती फाडली, चांगल्या अक्षरात लिहिली, सही केली. आज ताटात ठेवायला गूळ नव्हता, म्हणून सकाळी पावतीच ठेवली ताटात.

चांगुणेनं पाहायला पाहिजे होतं. म्हणाली असती, तुमाले हिशेब आला म्हणा की!

२ मार्च

काल ताट आलं नाही. पाहुणे असतील.

३ मार्च

आजही नाही. मुरमुरे खाल्ले. शालूबाई आजारी तर नाही? पण नळावर तर दिसली होती. मी "काय म्हणता?" म्हटलं, तर हंडा उचलून गेली.

५ मार्च

आज मास्तर दुकानात आले. गिऱ्हाईक असल्यासारखे ओट्याखाली उभे राहिले. गेल्या महिन्याचं उरलेलं अर्धं भाडं गल्ल्यावर ठेवलं. म्हणाले, "याचीही पावती द्या."

मी म्हटलं, मास्तर, काय झालं? त्यांनी जिन्याकडे पाहिलं. जिन्यात शालूबाई उभी होती. ती बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण दिवसभर कानातून गेले नाहीत:

"काकाजी, आमी खानावळ नाही घातली. घरचं माणूस समजून ताट देत होतो. तुमी मोल लावून खात होते, हे मले ठाव नव्हतं. गावातले लोक आमच्या हातचं पाणी घेत नाहीत. पण ते तसं तोंडावर सांगतात तरी."

आणि वर गेली. मी हातात पावती-पुस्तक घेऊन उभा. गुलाबराव त्याच्या दुकानातून पाहत होता. मग मान वळवून कापडाच्या घड्या घालू लागला.

अरे पण मी तसं मनात आणलं नव्हतं! हे कोणाला सांगू? कसं सांगू? वही दाखवून?

९ मार्च

खिचडी करपली.

१२ मार्च

वही रोज लिहितो. एक चूक नाही. उजवं पानसुद्धा आता स्वच्छ: भाडं, पूर्ण, रोख. माणिकराव असता तर पाठ थोपटली असती.

जिन्याच्या खालच्या पायरीकडे पाहत नाही मी. तरी संध्याकाळ झाली की कान तिकडंच. भांड्याचा आवाज झाला की उठून उभा राहतो. चांगुणा गेली तेव्हा वाटलं होतं, याहून एकटं आता काय व्हायचं आहे! होतं. माणूस याहून एकटं होतं.

वरचा पेपर वाचणंही बंद आहे. का हळू वाचतात, मला ऐकू जाऊ नये म्हणून?

१६ मार्च

गुलाबरावानं सांगितलं, मास्तर दुसरी खोली पाहून राह्यले. गावाबाहेर, तळ्याच्या वाटेला. येत्या नाही, पुढल्या रविवारी बैलगाडी सांगितली आहे सामानाला. सांगताना आवाज खाली होता. म्हणे, "काऊन रे, भांडण झालं का तुमचं?" म्हटलं, भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडण मिटवता तरी येतं.

२१ मार्च

बुलढाण्याला जाऊन आलो. पहाटेची एस.टी. वही मांडीवर, लेकरू धरावं तशी. कचेरीत बाकावर दुपारपर्यंत बसवलं. मग एका तरण्या साहेबानं वही चाळली. चांगला माणूस होता, हो. डावं पान पाहिलं, उजवं पाहिलं, म्हणाला, "फार नीट लिहिलंय. पण बाबा, तुमचं दुकान आणि भाडं मिळूनसुद्धा कर बसत नाही. मर्यादेच्या पुष्कळ खाली आहात तुम्ही. पुन्हा येऊ नका."

मी उठलो. तेवढ्यात त्यानं उजव्या पानावर बोट ठेवलं. "भाड्यापोटी जेवण? हे कशाला लिहिलं? हे कोणी विचारलं होतं?"

आणि हसला. मीही हसलो त्याच्यासोबत. काय करणार!

कोणीच विचारलं नव्हतं. एस.टी.त मेहकरपर्यंत डोळ्यांतलं पाणी थांबेना. शेजारची बाई म्हणाली, "काय झालं भाऊ, कोणी गेलं का?" मी "हाव" म्हटलं.

२३ मार्च

वर जायला पाय उचलत नाही. दोनदा जिन्यापर्यंत गेलो. काय म्हणू? मले माफ करा? हे शब्द आमच्या घरात कोणी कोणाला म्हटले नाहीत. चांगुणेशी भांडण झालं की मी काही बोलायचो नाही, गुपचूप चहा करून तिच्यापुढं ठेवायचो. तिला समजायचं.

गाडी परवा येणार.

२४ मार्च, शनिवार

दुकान आज उघडलंच नाही. फळीवरून चांगुणेचं पितळी ताट काढलं. ती गेल्यावर हात लावला नव्हता त्याला. चिंचेनं घासलं, लखलखीत केलं. पिठलं टाकलं. भाकरी थापल्या. एक फाटली, एक जळली, दोन बऱ्या निघाल्या. पिठल्यात गुठळ्या झाल्या, त्या पळीनं फोडल्या. चाखलं नाही. दुसऱ्याला द्यायचं ते आधी उष्टं करू नये. होतं तेवढं सगळं ताटात घातलं, मला काही ठेवलं नाही. भूकही नव्हती.

झाकून वर नेलं. आवाज दिला नाही. त्यांच्या उंबऱ्याशी ठेवलं आणि चोरासारखा खाली आलो. वरून दार उघडल्याचा आवाज आला. मग लागल्याचा.

ताट आत घेतलं का कुत्र्याला घातलं, देव जाणे. सामान बांधल्याचा आवाज येऊन राह्यला.

२५ मार्च, रविवार

बैलगाडी आली नाही.

सकाळी खालच्या पायरीवर चांगुणेचं ताट होतं, घासलेलं. रिकामं नव्हतं. मधोमध मूठभर मीठ! मी येड्यासारखा पाहतच राहिलो. मग डोक्यात उजेड पडला: पिठल्यात मीठच टाकलं नव्हतं मी. बिनमिठाचं खाल्लं त्यांनी, सगळं. वरून शालूबाई ओरडली, "काकाजी, संध्याकाळी चूल पेटवू नका! वरच या जेवाले, सोबत बसू."